बर्फाच्या गावातलं छत

मे महिना आला की माझ्या घरातली पुढची खोली रिकामी होते. लातुरात हे दिवसच तसे. जुन्या पोरी गाद्या गुंडाळतात, दोन वर्षांची पुस्तकं रद्दीवाल्याला देतात आणि रिक्षात बादली-बॅग कोंबून गावाकडे जातात. आठवडाभरात तशाच बादल्या घेऊन नव्या पोरी उतरतात. चौकातल्या फलकांवरचे हसरे चेहरे बदलतात, शिकवणीच्या वर्गांची नावं आणखी मोठी होतात, आणि मी फिजिक्सचा पहिला धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेते.

खोली बघायला आलेले आईवडील आधी नळ सोडून बघतात, मग खिडकी उघडून बघतात, आणि मग त्यांची नजर पलंगावर जाते. पलंगाभोवती लोखंडी अँगलचे चार जाड खांब उभे आहेत, जमिनीत बोल्टनं आवळलेले. वर आडवे-उभे अँगल टाकून पक्का मांडव केलेला आहे. "मच्छरदाणीसाठी का?" असं सगळेच विचारतात. मीही "हो" म्हणते. खरं सांगायला बसले तर चहा दोनदा ठेवावा लागेल.

खरं असं, की तो मांडव माझ्या थोरल्या भावानं, अण्णांनी, त्यांच्या लेकीसाठी निलंग्याहून टेम्पोत घालून आणला होता. ऋतुजा अकरावी-बारावीला माझ्याकडे राहायला आली तेव्हाची गोष्ट. घर माझं तळमजल्याचं, पण वर स्लॅब आहे. स्लॅब पडलाच तर लेकीच्या अंगावर पडू नये, अँगलवर अडावा, एवढा साधा हिशेब. बोल्ट आवळताना अण्णांनी मला घराच्या मालकिणीसारखं विचारलं नाही आणि मीही अडवलं नाही. ऋतुजानं त्या मांडवावर सूत्रांचे तक्ते टांगले, पायमोजे वाळत घातले, आणि दोन वर्षं त्याच्याखाली झोपली. नंतर अण्णा पाना घेऊन तो काढायला आले होते. तेव्हा मीच काढू दिला नाही.

आमचं गाव भूकंपात गेलं. त्या वर्षी मी लातुरात अकरावी सायन्सला होते, म्हणून वाचले. गावात दगडमातीची घरं होती, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात असं गार की दुपारी पांघरूण घ्यावं लागे. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. वडील आधीच गेले होते. त्या रात्री आई गेली, धाकटा भाऊ बाळू गेला. अण्णा तेवढे सापडले. कसे सापडले हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. आम्हा दोघां भावंडांत त्या दिवसाचं बोलणं म्हणजे "त्या वर्षी" एवढंच. त्या वर्षी बाजरी बरी आली होती. त्या वर्षी मी अकरावीला होते. तिथं थांबायचं आणि दुसरं काही काढायचं, हे आम्हाला न ठरवता जमून गेलं होतं.

आमच्या घरात बर्फाची पहिली वस्तू आली ती त्याच हिवाळ्यात. मदतीचे कपडे ट्रक भरभरून यायचे. कुठल्या कुठल्या थंड देशांतल्या भल्या माणसांनी आपापली कपाटं रिकामी केली होती, त्यात मराठवाड्यात काय घालतात याचा विचार करायला कोणाला सवड असणार? अण्णांच्या वाट्याला एक लाल, फुगीर, कापूस भरलेला कोट आला. बर्फात घालायचा असणार. पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी, घामाच्या धारा लागल्या तरी अण्णा तो काढायचे नाहीत. बाया म्हणायच्या, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला आता वाटतं, अंगाला चहूबाजूंनी काहीतरी मऊ हवं होतं त्यांना. पुढे तो कोट विहिरीवरच्या मोटरीवर झाकायला गेला आणि उंदरांनी त्यातला कापूस नेला.

अण्णांनी निलंग्यात पत्र्याचं दुकान टाकलं. तेव्हा सगळ्यांनाच पत्रा हवा होता. आजही त्यांच्या घराला कमरेइतकी वीट आणि वर पत्रा आहे. उन्हाळ्यात त्या घरात माणूस भाजून निघतं, पावसात बोललेलं ऐकू येत नाही. शेजाऱ्यांचे दोन-दोन मजले झाले. वहिनी स्लॅबसाठी झुरल्या आणि मग थकून गप्प बसल्या. अण्णांचं उत्तर ठरलेलं: "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. दगूड पडला तर माणूस जातंय." लग्नकार्याला गेले की ते मंडपात झोपणार. कुणाच्याही घरी पाऊल टाकलं की आधी वर बघणार, मग दार कुठे आहे ते बघणार, आणि मग पाहुण्यांना रामराम. लोकांना वाटायचं, धंद्याची नजर आहे. काहींनी त्यावरून पत्रेही घेतले.

अशा माणसाच्या पोटी ही कन्या. खाण तशी माती म्हणतात, पण इथं ती म्हण सपशेल तोंडावर पडली. चार वर्षांची असताना बापाच्या दुकानातला वाकलेला पत्रा ओढत नेऊन सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगावरून घसरायची. गुडघे सोलायचे, कोपर फुटायचं, आणि ही पत्रा घेऊन पुन्हा वर. आठवीत एनसीसीचं शिबिर हिमालयात होतं. वहिनी घाबरल्या. अण्णांनी मात्र "राहायचं कशात?" एवढंच विचारलं आणि "तंबूत" म्हटल्यावर खुशाल पाठवलं. तंबूइतकं सज्जन छत दुसरं नाही, असं त्यांचं मत. तिथं ऋतुजानं लांबच्या उतारावर कोणीतरी पायाला दोन फळ्या बांधून बर्फावरून येताना पाहिलं आणि तिचं कामच झालं.

बारावीच्या मधेच एकदा, पोरगी अभ्यासानं वाळलेली बघून अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "परीक्षा हू दे, म्हनशील तिथं धाडतो." त्यांच्या मनात फार तर महाबळेश्वर असेल, नाहीतर देवीला माहूर. परीक्षा झाली त्याच संध्याकाळी तिनं आठवण दिली. म्हणाली, "पप्पा, स्कीइंग."

तो उन्हाळा मला अंगावरच्या घामोळ्यासकट आठवतो. बाहेर डांबर वितळत होतं. नळाला कधी पाणी यायचं, कधी नाही; कूलरमध्ये घालायला टँकरचं पाणी बादलीनं मोजून काढायचं. आणि त्या कूलरसमोर फरशीवर आम्ही तिघं बसून बर्फ निवडत होतो. ऋतुजाच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात पांढरेशुभ्र डोंगर, आणि त्यावर माझ्या हनुवटीवरून टपकलेला घामाचा थेंब. तिनं तो ओढणीनं पुसला आणि म्हणाली, "आत्या, गुलमर्गला पाणी पाडू नको."

गुलमर्ग तिच्या मनात पहिलं होतं. तिथं तारेवरच्या पाळण्यात बसून थेट शिखराजवळ जाता येतं आणि घसरायला उतारच उतार. मग औली, तिथं शिकवणारे चांगले. मग मनालीजवळचं सोलांग, नवशिक्यांना बरं. उत्तरकाशीच्या बाजूचं एक लहान गाव तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. गावाच्या वर मोठं कुरण, थंडीत त्यावर बर्फ, पण पाळणा नाही, दोरी नाही, वर जायचं तर पायी. उतार किती, बर्फ कसा, पडलं तर उचलायला कोण, असं सगळं तिनं बघून ठेवलं होतं. मी माझी मास्तरकी दाखवत कोन आणि घर्षण काढायला लागले तर म्हणाली, "आत्या, जल्मभर उतारावरचा ठोकळा शिकवलीस. एकदा मला ठोकळा हू दे की."

अण्णांना उताराशी कर्तव्य नव्हतं. ते दर रविवारी एसटीनं लातूरला येत, भिंतीला टेकून बसत आणि एकेका हॉटेलला फोन लावत. त्यांचा प्रश्न एकच.

"भाईसाब, ऊपर क्या है? स्लॅब है का पत्रा?"

पलीकडचा माणूस आधी गोंधळायचा. रूममध्ये हीटर आहे सांगायचा, नाश्ता फुकट आहे सांगायचा, खिडकीतून डोंगर दिसतो सांगायचा. अण्णा शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा विचारत, "वो सब ठीक है. छत कायकी है? और दिवार?" गुलमर्गच्या एका पोरानं शेवटी वैतागून विचारलं, "सर, आपको छत ख़रीदनी है क्या?"

"नहीं," अण्णा म्हणाले, "मैं बेचता हूँ."

मी आणि ऋतुजा उशीत तोंड खुपसून हसलो. पण हसण्यावारी फार दिवस नेता येईना. गुलमर्गचं हॉटेल दगडी भिंतींचं निघालं, बाद. औलीच्या वाटेवरच्या गावात घरांना भेगा पडल्याच्या बातम्या अण्णांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या, बाद. सोलांगकडे चार-चार मजल्यांचे स्लॅब, बाद. शिवाय कुणीतरी दुकानात त्यांना सांगितलं की हिमालयात आपल्यापेक्षा जास्त हलतं. त्या रविवारी ते आले तेच तोंड पाडून.

"ऋतू, तंबूतच ऱ्हा की बाई. मी चांगला तंबू घिऊन देतो."

"पप्पा, जानेवारीत? बर्फात? गोठून मरू का?"

"तसं न्हाई गं. पन छत..."

"मला छताखाली ऱ्हायाला जायाचंच न्हाई! मला भायेर घसरायचंय!" ती उठून उभी राहिली. पुढच्या खोलीकडे बोट करून म्हणाली, "दोन वरीस तुमची भीती डोक्यावर घिऊन झोपले मी. एक दिवस म्हनले का, काढा म्हनून? मैत्रिणी हसायच्या. तरीबी झोपले. आता न्हाई जायाचं मला कुटं. ऱ्हाऊ द्या."

लॅपटॉप बंद झाला. त्यानंतर ती जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण बर्फाचं नाव काढेना. मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. हट्ट सोडलेलं पोर बघवत नाही. अण्णांचंही मला तितकंच कळत होतं. ते तिला अडवत नव्हते, तिला जाऊ द्यायची एखादी वाट शोधत होते, आणि प्रत्येक वाटेवर त्यांना भिंतच दिसत होती. दोघंही माझीच. कुणाची बाजू घेऊ? मी कैरीचं पन्हं केलं, ते दोघांनीही तसंच ठेवलं.

लातूरचं मला कधीकधी नवल वाटतं. सगळा जिल्हा एकदा हलला, आणि थोड्याच वर्षांत इथं शिकवणीचे वर्ग असे उभे राहिले की लांबलांबून पोरं यायला लागली. किनवटच्या जंगलातून येतात, कर्नाटकाच्या हद्दीवरून येतात. त्यांचे आईबाप मला हात जोडून सांगतात, मॅडम, एवढं पोरगं मार्गी लागू द्या. मार्गी म्हणजे काय, तर पुन्हा कधी काही हलू नये. सरकारी नोकरी, दवाखाना, पक्कं घर. आम्ही सगळ्यांनी मिळून पोरांच्या डोक्यावर कसले कसले मांडव बांधले. अण्णांचा निदान लोखंडाचा होता, दिसत तरी होता.

पुढच्या रविवारी दुपारी अण्णा आले ते नुसते बसून राहिले. ऋतुजा स्वयंपाकघरात माठाजवळ होती. अण्णांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी आवाज मोठा करून ठेवतात, त्यामुळे पलीकडचं बोलणं खोलीभर पसरलं. आवाज म्हाताऱ्याचा होता, सावकाश बोलणारा.

"आपने छत पूछी थी. उस दिन लाइन कट गई थी."

हे उत्तरकाशीकडचं, शेवटी ठेवलेलं गाव. अण्णांनी उसासा टाकून पुन्हा तेच विचारलं, कायकी है. म्हातारा म्हणाला, माझ्याकडे दोन घरं आहेत. एक नवं, त्यात गरम पाणी येतं. एक आजोबाचं, लाकडाचं. भिंतीत दगड आहे, पण दर दोन हातांवर लाकूड घालून बांधलेलं. "हमारे यहाँ ज़मीन हिली थी, तब मेरा पत्थर वाला मकान बैठ गया. यह खड़ा रहा. आप कहाँ से हैं?"

"लातूर."

म्हातारा म्हणाला, "अच्छा. तभी छत पूछ रहे थे."

एवढ्या वर्षांत अण्णांनी शेकडो लोकांना तो प्रश्न विचारला असेल. का विचारता, हे न सांगता ओळखणारा हा पहिला माणूस. अण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागले. माझ्याकडे पाठ होती त्यांची.

"हमारा भी पत्थर का घर था चाचाजी. माँ उधर सोयी थी. मैं और छोटा भाई इधर. सब ऊपर आ गया. मेरा एक हाथ भायेर रह गया था. बाकी पूरा अंदर. मैं हाथ हिलाते रहा. लोगां को हाथ दिखा, तो निकाले मेरेकू." मला वाटलं संपलं. "दूसरे हाथ में भाई का हाथ था. वो पहले दबाता था मेरा हाथ. बाद में ठंडा हो गया. मैं ये हाथ हिलाते रहा."

मी बाळूची बहीण. मला हे माहीत नव्हतं. बर्फाच्या गावातल्या, कधी न पाहिलेल्या एका म्हाताऱ्याला सांगितलं जात होतं, म्हणून मला कळलं. मला राग आला की रडू आलं हे आजही नीट सांगता येत नाही, बहुतेक दोन्ही. स्वयंपाकघराच्या दारात ऋतुजा पाण्याचा तांब्या धरून उभी होती.

पलीकडून म्हाताऱ्यानं धीराचं काही सांगितलं नाही. देवाची मर्जी वगैरे काढलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बिटिया को लकड़ी वाले घर में सुलाएँगे. खाट दरवाज़े के पास रखवा दूँ?"

"हौ," अण्णा म्हणाले, आणि फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि बंद केला.

ऋतुजानं तांब्या खाली ठेवला. बापाच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मग अण्णाच म्हणाले, "तू गुलमर्गलाच जा. तुला आवडतंय ते. मी न्हाई इचारनार कुनाला काई."

"न्हाई," ती म्हणाली. "ह्या बाबांकडंच जाते. पायी चढून जायाचं, मग घसरत यायाचं. चालतंय की." मग त्यांचा हात हातात घेऊन, उलटा करून बघत, जसं काही पहिल्यांदाच बघतेय तसं, तिनं विचारलं, "पप्पा, कोनता हात?"

अण्णांनी उजवा किंचित वर केला. डावा तिच्याच हातात होता.

तिचा निकाल बेताचाच लागला. लोक सगळ्यात आधी तेच विचारतात म्हणून सांगून टाकते. डॉक्टरकी मिळाली नाही, फिजिओथेरपीला गेली. जानेवारीत कॉलेजच्या दोन मैत्रिणींबरोबर बर्फाला गेली. तिथं पोहोचल्यावर तिनं डोंगराचा नाही, बर्फाचा नाही, काळपट लाकडी आढ्याचा फोटो पाठवला. पाठोपाठ दुसरा. त्यात दार होतं आणि दाराला लागून खाट. अण्णांनी तो फोटो मोठा करून करून सांधे बघितले आणि म्हणाले, "काम चांगलं हाय."

दोन दिवसांनी वेळा अमावस्या होती. आमच्या भागात त्या दिवशी घरात कोणी राहत नाही. सगळा जिल्हा शेतात जाऊन जेवतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, त्यात पूजा मांडायची, मडक्यातलं आंबट आंबील प्यायचं, सगळ्या हिरव्या दाण्यांची भज्जी बाजरीच्या उंड्याबरोबर खायची. अण्णांचा हा वर्षातला सगळ्यात आनंदाचा सण, कारण त्या दिवशी सगळं गाव आभाळाखाली असतं आणि फार तर कडबा अंगावर पडेल. मीही निलंग्याला गेले होते. हरभऱ्यात उन्हं पसरली होती, वहिनी पानं मांडत होत्या, आणि ऋतुजाचा व्हिडिओ आला.

आम्ही कोपीच्या सावलीत डोकी जुळवून बघायला लागलो. पांढरा उतार. वरून एक लाल कोटातला ठिपका येतोय, हात पसरून, डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत, चक्क बरा येतोय. मग कशाला तरी अडखळला. फळ्या आभाळात गेल्या, बर्फाचा मोठा लोट उठला, आणि तो खाली बसला तेव्हा तिथं काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. वहिनींच्या हातातला पेला खाली पडला. माझ्या खांद्यावर अण्णांची बोटं रुतली.

मग त्या पांढऱ्यातून एक हात वर आला. जाड हातमोज्यातला. आला आणि हलायला लागला, जोरजोरात, इकडून तिकडे. पाठोपाठ तिचं ते गदागदा हसणं, आणि भुसकटात माखल्यासारखं बर्फानं माखलेलं तोंड.

व्हिडिओ संपला. माझ्या खांद्यावरची बोटं तशीच होती. अण्णांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना.

"हात हालविली बग," ते म्हणाले. मग म्हणाले, "परत लाव."